फोर्ट क्लॅटसॉपच्या दारात

सावकाश या. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात, ॲस्टोरियाजवळ, कोलंबिया नदी समुद्राला मिळते त्या टापूत दाट झाडीत हा किल्ला आहे. ५० फूट लांब, तेवढाच रुंद. ओंडक्यांच्या खोल्यांच्या दोन रांगा आणि मध्ये अंगण. लुईस आणि क्लार्क यांच्या शोधमोहिमेने प्रशांत महासागर गाठल्यावर हिवाळा इथे काढला. बुरुजांची अपेक्षा मनातून काढून टाका आणि आत या.

भिंतीवर तळहात टेकवा. हे लाकूड त्या काळचे नाही. मूळ किल्ला इथल्या ओलीत कुजून गेला. क्लार्कच्या वहीतला आराखडा हाताशी घेऊन स्थानिक लोकांनी १९५५मध्ये तो पुन्हा उभा केला. २००५च्या ऑक्टोबरमध्ये तोही जळाला आणि पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांच्या कष्टांतून परत उभा राहिला. हात तिथेच असू द्या. जुने लाकूड गेले. मग जुने काय उरले?

पाऊस उरला. डिसेंबर १८०५ ते मार्च १८०६ या १०६ दिवसांत पावसाविना गेलेले दिवस अवघे १२. डोळे मिटा. अंगावर ओले कपडे, अंथरुणात पिसवा, खायला एल्क हरणाचे नासू लागलेले मांस. त्या ओलीतही दोघे प्रमुख झाडे, प्राणी, नकाशे यांच्या नोंदी करत राहिले. त्या चिकाटीला मनापासून मान द्या.

आता एक श्वास यॉर्कसाठी. तो क्लार्कचा गुलाम. हिवाळा कुठे काढायचा हे ठरवताना त्याचे मत विचारले गेले, लिहूनही ठेवले गेले. मोहीम संपली तेव्हा सैनिकांना पगार आणि जमीन मिळाली. यॉर्कला त्यातले काहीच मिळाले नाही, मुक्तताही नाही.

पुढचा श्वास मोहिमेसोबत आलेल्या सकागवियासाठी. पाठीवर वर्षही न झालेले बाळ घेऊन ती इथवर आली होती. किनाऱ्याला देवमासा लागल्याचे कळले तेव्हा तिने हट्ट धरला: एवढ्या लांब आले, मला समुद्र बघायचाच आहे. तिला नेले गेले. मोहिमेतला मोबदला मात्र तिच्या नवऱ्याच्या हाती पडला.

आणखी थोडे थांबा. हा मुलूख क्लॅटसॉप लोकांचा. किल्ल्याला नावही त्यांचेच. निघताना मोहिमेने किल्ला त्यांचे प्रमुख कोबोवे यांच्या स्वाधीन केला. त्याच दिवसांत त्याच लोकांची एक होडीही चोरली. दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरा. एकीने दुसरी पुसू नका.

वास्तू पुन्हा बांधता येते. तिची आठवणही पुन्हा बांधावी लागते, आणि त्या वेळी आधी बाहेर राहिलेल्यांना आत घेता येते. ही संधी आपली आहे. यापुढे कुठल्याही गडावर जाल तेव्हा नायकांची नावे वाचून झाल्यावर एवढे जरूर विचारा: ओझी कोणी वाहिली, जमीन कोणाची होती आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडले?