विद्येचें घर बदलणें

1964 सालीं स्थापन झालेल्या विमानांच्या कारखान्यामुळें आमच्या ओझरच्या लोकांस बळ आणि भार मोजण्याचें नवल वाटत नाहीं. परंतु पदार्थविज्ञान शिकलेला एखादा मुलगा जीवपेशींच्या अभ्यासास जातों म्हणाला, कीं त्याचे वडील आम्हांस विचारतात, "हा आतां पुन्हा बिगारीपासून सुरुवात करणार काय?" प्रश्न रास्त आहे, अशा वर्षांचा भार बहुधा घरच सोसतें. त्यांत एक नैतिक आक्षेपहि दडलेला असतो. ज्या शास्त्रानें आपणांस घडविलें तें सोडणें ही कृतघ्नता नव्हे काय?

रूप मलिक यांचें उदाहरण येथें विचारांत घेण्याजोगें आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्नियांत स्टीव्हन ग्रॉस यांच्याकडे पेशींतील मालवाहतुकीच्या अभ्यासाकडे वळले. हा माल ओढणाऱ्या प्रथिनांपैकीं डायनीन हें ओझें वाढतांच आपलें पाऊल आंखूड करतें, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2004 सालीं दाखविलें. मुंबईस परतल्यावर, पेशीनें गिळलेली सूक्ष्म गोळी प्रकाशाच्या चिमट्यांत धरून त्यांनीं जिवंत पेशींतील ओढ मोजली. एकट्या डायनीनचें बळ न्यूटनच्या सुमारें एक लक्ष-कोटीव्या भागाएवढें. किनेसिन हें दुसरें प्रथिन त्याच्या कित्येक पट बलवान. तरीहि अनेक डायनीन एकत्र जुंपले, कीं पुढचे मंदावतात, मागचे त्यांस गांठतात आणि भार वांटला जातो. किनेसिनांस हें तितकेंसें साधत नाहीं. हें काम 2013 सालीं प्रसिद्ध झालें.

येथें एकीच्या बळावर प्रवचन झोडण्याचा मोह अनेकांस होईल. आम्हांस तो मान्य नाहीं; प्रथिनांस सद्गुण नसतात. आमचें लक्ष मोजणाऱ्याकडे आहे. "किती बळ?" हा प्रश्न त्यांनीं जुन्या घरांतूनच आणला. तो चिमटाहि आर्थर अ‍ॅश्किन या पदार्थवैज्ञानिकाचा, ज्यांस त्याबद्दल 2018 सालीं नोबेल मिळालें. मग सोडलें तें काय?

अर्थात् प्रत्येक स्थलांतर असें नसतें. कंटाळ्यानें किंवा अनुदानाच्या वासानें निघालेलेहि आम्हीं पाहिले आहेत. मलिकांस 2014 सालीं भटनागर पुरस्कार व 2018 सालीं इन्फोसिस पुरस्कार मिळाला, हें पालकांस सांगून उपयोग नाहीं. घर सोडतांना हातीं असलें कांहीं नसतें.

म्हणून आम्ही त्या मुलासच विचारतों, कीं तेथें जाऊन तूं काय मोजणार? कांहीं उत्तर देतात. कांहीं "पुढच्या रविवारीं येतों, सर," म्हणून जातात.