तीर्थीची भेट

तीर्थयात्रेस निघालेला मनुष्य देवदर्शनाची आस धरून घर सोडतो. आप्तांची भेट हा त्याच्या यात्रेचा हेतू नसतो. तरीही कित्येकदा असे घडते की, दर्शनबारीत पुढे उभी असलेली पाठमोरी आकृती ओळखीची वाटते, ती व्यक्ती मागे वळते आणि वर्षानुवर्षे न भेटलेला भाऊ अथवा बहीण समोर उभी असते. क्षणभर दोघांनाही बोलावे की नजर चुकवावी, हे कळत नाही. अशा वेळी काय करावे, याचा पाठ श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील ८२ व्या अध्यायात मिळतो.

एकदा कल्पांतासारखे खग्रास सूर्यग्रहण आले. ज्योतिषांकडून ते आधीच समजल्यामुळे भारतवर्षातील लोक पुण्यप्राप्तीसाठी कुरुक्षेत्रातील समंतपंचक तीर्थी जमले. आज हे क्षेत्र हरियाणा राज्यात असून सूर्यग्रहणाच्या पर्वणीला तेथील सरोवरांवर अजूनही स्नानासाठी मोठी गर्दी होते. द्वारकेहून यादवही तेथे आले. त्यांनी उपवास केला, परशुरामाच्या डोहांत स्नान केले, वस्त्रे व माळा घातलेल्या गाई दान दिल्या, आणि श्रीकृष्णाच्या ठायी आपली भक्ती असावी, एवढेच मागणे मागितले. भोजनानंतर ते वृक्षांच्या गार सावलीत विसावले. तेथेच एकेक सोयरे, स्नेही भेटू लागले. त्या भेटींत एक भेट कुंती आणि वसुदेव या बहीणभावाची होती.

कुंती ही शूरसेनाची कन्या पृथा. पित्याने ती निपुत्रिक कुंतिभोजाला देऊन टाकली. बालपणीच माहेर दुरावले. पुढे वैधव्य आले आणि हस्तिनापुरात कौरवांच्या द्वेषात तिने पाच मुले वाढवली. अक्रूर हस्तिनापुरास आला असता, माहेरची माणसे माझी आठवण काढतात काय, असे तिने डोळ्यांत पाणी आणून त्याला विचारले होते. निरोप्याला विचारलेला तो प्रश्न आता प्रत्यक्ष भावासमोर उभा राहिला.

भाऊ दिसताच कुंती आधी आनंदली, पण मनातील सल तिने लपवला नाही. आपत्तीत तुम्ही माझी आठवण ठेवली नाही, दैव फिरले की सख्खी माणसेही विसरतात, असे ती भावाला म्हणाली. वसुदेवाजवळ उत्तराला पुष्कळ होते. त्याने बंदिवास भोगला होता, सहा पुत्रांचा वध पाहिला होता. माझे दुःख तुझ्याहून मोठे, असे तो म्हणू शकला असता. पण त्याने बहिणीला ‘अंब’, म्हणजे आई, अशी हाक मारली. आम्हाला दोष देऊ नकोस, माणसे ही दैवाच्या हातातील खेळणी आहेत, कंसाच्या छळाने आम्ही दाही दिशांना पांगलो होतो आणि आता कोठे पुन्हा स्थिरावलो, एवढेच तो बोलला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. कुंतीची तक्रार खोटी होती, असे भागवत कोठेही म्हणत नाही. आणि वसुदेवानेही आपले दुःख तिच्या दुःखाशी तोलून पाहिले नाही. तिने मोकळेपणाने सांगितले, त्याने नम्रतेने ऐकले.

याच क्षेत्री नंद-यशोदाही आली. कृष्ण-बलरामांनी त्यांना मिठी मारली, तेव्हा दोघांचेही कंठ दाटून आले आणि शब्द फुटेना. पापण्या डोळ्यांना जपतात तसे तुम्ही आमच्या मुलांना जपलेत, हे ऋण इंद्राच्या ऐश्वर्यानेही फिटणार नाही, असे देवकी आणि रोहिणी यशोदेला म्हणाल्या. जन्मदात्या मातेने पालन करणाऱ्या मातेचे ऋण सर्वांदेखत मान्य केले. पुढे नंदराय आज निघू, उद्या निघू असे म्हणत तेथे तीन महिने राहिले.

भाविक हो, आज वडिलोपार्जित घराची वाटणी, जमिनीच्या हक्कसोडपत्रावरील सही, लग्नकार्यातील मानपान अशा कारणांनी बहीणभावांचे बोलणे थांबते. सुरुवातीला राग असतो, नंतर नुसती सवय उरते. कुंतीसारखा प्रश्न मनात असतो, परंतु तो तिसऱ्याच माणसाला विचारला जातो. अशी व्यक्ती या क्षेत्री अचानक समोर आली, तर तो योगायोग म्हणून सोडून देऊ नये. दर्शन झाल्यावर गाडीची घाई न करता यादवांप्रमाणे थोडे सावलीत बसावे. प्रसादाच्या पंगतीला शेजारी बसावे. ज्याला सांगायचे आहे त्याने कटुता न आणता सांगावे. ज्याला ऐकायचे आहे त्याने आपले हिशेब पुढे न करता ऐकावे. वाटणीचे प्रश्न एका भेटीत सुटणार नाहीत, कुंतीची संकटेही त्या भेटीने संपली नाहीत. पण भाऊ आपला आहे, हे तिला तेथे कळले.

स्नानाने देह शुद्ध होतो, दानाने धन शुद्ध होते. मनातील अढी मात्र माणसाने माणसाजवळच सोडावी लागते. ती सोडून जो घरी परततो, त्याची यात्रा सुफल झाली, असे समजावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥