पाऊल पुन्हा वळते तेव्हा

रात्री नऊचा सुमार. दीड वर्षाचे मूल पाळण्यात रडत आहे. त्याच्या पायांतील बूट एका आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेले आहेत. आजीला ते रडणे ऐकवत नाही. ‘एका रात्रीने काय बिघडते?’ असे म्हणून ती बूट काढते. मूल झोपते, घरही झोपते. आजीच्या या कृतीला दया म्हणावे काय?

जन्मतःच पाऊल आत व खाली वळलेले असते, त्या व्यंगाला ‘क्लबफूट’ म्हणतात. सुमारे हजार जन्मांमागे एका बालकात ते आढळते. स्पेनमध्ये जन्मलेले व अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी मोठ्या शस्त्रक्रियेवाचून ते सुधारण्याची पद्धत घालून दिली. दर आठवड्यास पाऊल हलक्या हाताने थोडे सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे, असे पाच-सहा वेळा. बहुतेक मुलांत टाचेमागची ताठर शीर लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. त्यानंतरचे प्लास्टर तीन आठवडे राहते. पाऊल सरळ होते, घरात पेढे वाटले जातात. खरी परीक्षा मात्र पुढेच असते. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि मग मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी हे जोडबूट घालावे लागतात. ज्या ओढीने पाऊल वळले होते, ती वाढीच्या वयात शिल्लकच असते. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळण्याचा धोका फार वाढतो.

कठोपनिषदाने श्रेयस आणि प्रेयस यांतील भेद सांगितला. तेथे निवड करणाऱ्यालाच तिचे फळ भोगायचे असते. येथे निवड मोठ्यांची आणि पाय मुलाचा. आजीच्या दयेत मुलाच्या दुःखाबरोबर स्वतःला ते न पाहवण्याचे दुःखही मिसळलेले असते, आणि त्यातले कोणते शमले हे ठरवणे अवघड आहे. म्हणून रडण्याकडे पाठ फिरवावी असे नव्हे. टाच बुटात नीट बसली आहे ना, कातडी लाल झाली नाही ना, हे पाहावे, जरूर तर डॉक्टरांना दाखवावे आणि मग मुलाला थोपटत बसावे. दयेचे हे रूप अधिक कष्टाचे आहे.

तथापि याच विचाराची दुसरी बाजू विसरता कामा नये. पाऊल पुन्हा वळले की पहिला प्रश्न आईला विचारला जातो: ‘बूट घातले नव्हतेस का?’ जन्माच्या वेळी याच आईला ‘ग्रहण पाळले नसशील’ असे ऐकावे लागलेले असते. त्या बोलण्याला कसलाही आधार नव्हता. या प्रश्नाला अंशतः आधार आहे, आणि म्हणूनच तो जास्त जखम करतो. वस्तुतः सर्व नियम पाळूनही काही मुलांचे पाऊल पुन्हा वळते. शिवाय जिथे हयगय झाली तिथेही ती एकट्या आईची क्वचितच असते. दिवसभर राबून रात्री तीनदा उठणारीला ‘आज मी बसतो’ असे कोणी म्हटले होते काय?

कारण शोधणे आणि दोष देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कारण कळले तर उपाय सुचतो. दोषाच्या भीतीने आई पाऊल पदराआड झाकते, दवाखान्यात जाणे लांबवते आणि वेळ हातचा जातो. वास्तविक लवकर दाखवले तर पुन्हा प्लास्टर घालून पाऊल बहुधा सरळ होते. मूल तीन-एक वर्षांचे झाल्यावर गरज पडल्यास घोट्यापुढची एक शीर बाहेरच्या बाजूस जोडण्याची शस्त्रक्रियाही करता येते. पुन्हा वळलेले पाऊल म्हणजे सर्व कष्ट वाया गेले, असा निवाडा नव्हे.

तेव्हा आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर एका रात्रीने फारसे बिघडत नसेलही. परंतु ‘एकच रात्र’ रोज येते. त्या रात्री वाटून घ्यायला घरात किती हात पुढे येतात, यावर त्या घराच्या दयेची परीक्षा व्हावी.