बुडीत खातं

पनामाच्या कालव्यात जहाज २६ मीटर वर चढतं आणि ते चढवायला एकही पंप लागत नाही. वरच्या तळ्यातलं पाणी उतारानं खालच्या हौदात येतं, हौद भरतो, त्याबरोबर जहाज वर येतं, मग पुढचं दार उघडतं. गातूनला असे तीन हौद एकापुढे एक आहेत. उतरताना हौदातलं पाणी खाली सोडायचं, की जहाजही खाली येतं. १९१४ साली कालवा सुरू झाला तेव्हाची ही युक्ती आजही तशीच चालते. या हौदांना लॉक म्हणतात. हिंदीत त्यासाठी ‘जलपाश’ असा शब्द आहे, मराठीत ज्याला जे सुचेल ते. माझ्या आईनं लॉक हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं, “जहाजाला कुलूप कशाला?” प्रत्यक्ष पाहिल्यावर म्हणाली, “हा तर पाण्याचा जिना.” भाषांतरावर पोट माझं चालतं, पण जिना तिला सुचला.

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त दादानं ही सफर ठरवली होती. तो न्यू जर्सीत असतो. फ्लोरिडातून जहाज धरायचं, कॅरिबियन समुद्रातून पनामाला जायचं, कालवा बघायचा आणि परत. यातलं ‘परत’ मला नकाशा पाहीपर्यंत नीट उमगलं नव्हतं. आमचं जहाज कालवा ओलांडणारच नव्हतं. गातूनचे तीन हौद चढून ते वरच्या तळ्यात जाणार, तिथे काही तास थांबणार आणि त्याच तीन हौदांतून खाली उतरून ज्या समुद्रातून आलं त्याच समुद्रात जाणार. अशा सफरी पुष्कळ असतात. लोकांना लॉक बघायचे असतात, पॅसिफिकशी त्यांचं काही काम नसतं.

आणि लॉक खरोखर बघण्यासारखेच आहेत. ३०५ मीटर लांब आणि साडेतेहतीस मीटर रुंद हौदात जहाज शिरतं तेव्हा काठड्याशी उभं राहून हात लांबवला तर काँक्रीटची भिंत लागेल असं वाटतं. दोन्ही काठांवर रुळांवरून विजेची इंजिनं चालतात, जहाजाला दोरांनी ताणून मधोमध धरतात. त्यांना तिथे खेचरं म्हणतात. एवढ्या यंत्रांच्या पसाऱ्यात पहिला दोर जहाजापर्यंत आणायला मात्र दोन माणसं वल्ह्यांची होडी घेऊन येतात. कालव्यात शिरल्यावर जहाजाचा ताबाही कप्तानाकडे राहत नाही, कालव्याचा वाटाड्या हुकूम देतो. जगात इतरत्र वाटाड्या फक्त सल्ला देतो. हे सगळं दादा सांगत होता आणि आई बघत होती. भिंतीवरची ओली रेघ हळूहळू खाली जायला लागली तेव्हा तिनं माझा हात धरला. “अगं, आपण वर चाललोय की भिंत खाली?”

वर तळं आहे. चाग्रेस नदी अडवून ते केलं आणि १९१३ साली ते भरलं. तेव्हा माणसानं बांधलेलं ते जगातलं सर्वांत मोठं तळं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या जंगलातल्या झाडांचे वठलेले बुंधे अजून कुठे कुठे पाण्याबाहेर डोकावतात. आमच्या वेळी जरा जास्तच दिसत होते, कारण ती २०२४ची जानेवारी होती आणि आदल्या वर्षी तिथे पाऊस फार कमी झाला होता. एरवी दिवसाला ३६च्या आसपास जहाजं जातात, त्या महिन्यात २४ सोडत होते. एक जहाज कालवा ओलांडतं तेव्हा साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. आणि याच तळ्यावर पनामा सिटी आणि कोलोन या शहरांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे.

आपण पैसा पाण्यासारखा खर्च करतो असं म्हणतो. इथे पाणी पैशासारखं खर्च होत होतं, आणि आमच्या बाबतीत तर तेही कुठे पोचण्यासाठी नव्हे.

ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगणाऱ्या बाई छान बोलत होत्या. तळं भरलं तेव्हा जंगल पाण्याखाली गेलं, असं त्या म्हणाल्या. वाक्य इंग्रजी होतं, पण सवयीनं माझ्या डोक्यात ते मराठीतच उमटलं आणि मी तिथे अडले. ‘गेलं.’ मराठीत गाव धरणात जातं, जमीन पाण्यात जाते, घर बुडतं. जाणारं आपलं आपण जातं. कोणी घालवलं हे सांगायला वाक्यात जागाच उरत नाही. ज्यांचं गेलं त्यांना आपण ‘धरणग्रस्त’ म्हणतो, जसं रोगग्रस्त, जसं ग्रहणात ग्रासलेला चंद्र. ग्रासणारं म्हणून धरणाचं नाव तरी येतं, धरण कोणाला हवं होतं ते येत नाही. आणि त्या जमिनीला सरकारी मराठीत शब्द आहे ‘बुडीत क्षेत्र’. हाच ‘बुडीत’ आपण कर्जालाही लावतो. जे येणं परत मिळण्याची आशा नाही ते बुडीत खाती टाकायचं आणि वही मिटायची. हिंदीतही डूब क्षेत्र आणि डूबत खाता अशी जोडी आहे. इंग्रजीत हे दोन अर्थ एका शब्दात आणता आणता माझी पानं खराब झाली आहेत.

पनामाची इतिहासकार मारिक्सा लासो हिनं २०१९च्या पुस्तकात नेमकं हेच वाक्य धरलं आहे. कालव्याकाठची गावं तळ्यात बुडाली, अशी पनामात पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. लासो दाखवते की अमेरिकेनं १९१२ साली आदेश काढून कालव्याच्या पट्ट्यातली वस्ती उठवली, सुमारे ४०,००० माणसं हलवली. यातल्या बऱ्याच गावांपर्यंत तळ्याचं पाणी कधी पोचलंच नाही. आदेश विस्मरणात गेला आणि पाण्याचं नाव राहिलं. पाण्यावर आळ घेणं सोपं असतं, ते काही कागद दाखवत नाही.

मला हे इतकं टोचावं याला घरचं कारण आहे. १९२१च्या एप्रिलात मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. मुळा नदीवर टाटा कंपनी धरण बांधत होती. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची. म्हणजे जे पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं ते उलट फिरवून कोकणात टाकायचं. पन्नासच्या आसपास गावं त्यात जाणार होती. (बघा, मीही ‘जाणार होती’ असंच लिहिलं. दुसरं काय लिहावं हे सुचायला थांबावं लागतं.) पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी इथेच मिळाली. शाळेत आम्हाला इतकं शिकवलं होतं. जे शिकवलं नव्हतं ते असं, की मुळशीतल्या जमिनीचे मालक सगळे मुळशीत राहत नव्हते. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारे मावळे जमीन सोडायला तयार नव्हते; सावकारांपैकी पुष्कळांना नुकसानभरपाई चालणार होती, कारण त्यांच्या दृष्टीनं जमीन म्हणजे गुंतवलेली रक्कम आणि ती आता रोखीत परत मिळत होती.

आईचे आजोबा या दुसऱ्या गटातले. त्यांना मिळालेल्या पैशांत पुण्याच्या वाड्याचा मागचा चौक दुरुस्त झाला, असं घरात सांगतात. त्यांची खतावणी आईकडे अजून आहे: गावाचं नाव, कुळाचं नाव, येणं, व्याज. त्यांचं खातं बुडालं नाही, चुकतं झालं. बुडालं ते त्याच पानावर नाव असलेल्या कुळाचं, ज्याच्याकडे स्वतःची वही नव्हती.

तळ्यात उभ्या जहाजाच्या डेकवर आईला हे आपोआप आठवलं. “आजोबा नंतर कधी मुळशीला गेले नाहीत,” ती म्हणाली. “म्हणायचे, बघायला काय जायचं, पाणीच तर आहे.” मग तिनं दादाला फोटो काढायला सांगितला.

संध्याकाळी मी दादाशी वाद घातला. नुसतं बघण्यासाठी एवढं पाणी खाली सोडणं बरोबर नाही, असं माझं म्हणणं. तो इंजिनिअर आहे, शांतपणे ऐकतो आणि मग एकेक खिळा काढतो. माल नेणारं जहाज तेवढं नैतिक आणि माणसं नेणारं अनैतिक, हे कसं? त्या जहाजांत प्लॅस्टिकची खेळणी नसतात? कालवा नसता तर न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जायला दक्षिण अमेरिकेला वळसा घालावा लागतो, सुमारे १३,००० किलोमीटर जास्त. त्या तेलाचा हिशेब कोणी करायचा? आणि आई आज जितकी हसली तितकी बाबा गेल्यापासून हसली नव्हती, त्याची किंमत किती लिटर लावतेस? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गरज आणि मौज यांच्यामध्ये सरळ रेघ मारता येत नाही, हे मी मान्य करते.

शेवटी त्यानं विचारलं, “तू मुनिरक्यात कुठलं पाणी पितेस?”

मला वाटत होतं यमुनेचं. परत आल्यावर शोधलं. दक्षिण दिल्लीला सोनिया विहारच्या जलशुद्धीकरण केंद्रातून गंगेचं पाणी येतं. ते टिहरी धरणातून सुटतं, गंगेच्या कालव्यानं मुरादनगरपर्यंत आणि तिथून नळानं दिल्लीत. (१८५४ साली उघडलेल्या या कालव्यात एकेकाळी नावाही चालत आणि त्यांच्यासाठी लॉक बांधलेले होते, म्हणजे पाण्याचा जिना बघायला इतक्या लांब जायची गरज नव्हती.) दरवर्षी दसरा ते दिवाळी हा कालवा सफाईसाठी बंद होतो, दिल्लीत पाण्याची ओरड होते आणि आमच्या गल्लीत टँकरपुढे बादल्यांची रांग लागते. सोनिया विहारची क्षमता दिवसाला १४ कोटी गॅलन, म्हणजे साधारण ६३ कोटी लिटर. पनामात तीन जहाजांना लागेल तेवढं. आणि टिहरी हे एक गाव होतं, भागीरथी आणि भिलंगनेच्या संगमावरचं, राजवाडा आणि घंटाघर असलेलं. २००५च्या ऑक्टोबरात धरणाचा शेवटचा बोगदा बंद केला. तेव्हा मी दिल्लीत एम.ए. संपवून पहिली भाषांतराची कामं घेत होते.

म्हणजे आईची सफर वर्षातून एकदाची, माझी रोजची. सकाळी सहाला नळ येतो, मोटर लावते, पाणी तिसऱ्या मजल्यावर चढतं.

अपराधी वाटून घेणं मला या बाबतीत फारसं उपयोगाचं वाटत नाही. त्यात सगळं लक्ष आपल्यावरच राहतं: मी किती हळवी, माझा जीव किती कासावीस. देणं ही वेगळी गोष्ट आहे. देण्याला समोर माणूस लागतो, त्याचं नाव लागतं, किती आणि कशाबद्दल ते लागतं. म्हणून मला खतावणीबद्दल रागापेक्षा कुतूहलच जास्त आहे. आजोबांनी कुळांचं येणं लिहिताना एकही नाव गाळलेलं नाही. ज्याच्याकडून घ्यायचं असतं त्याची नोंद माणूस चोख ठेवतो. ज्याला द्यायचं असतं त्याच्या बाबतीत मात्र ‘पाण्यात गेलं’ एवढ्यावर भागवतो.

भाडं भरलं की देणं फिटतं, असं म्हणणारे आहेत, आणि पनामात भाडं कमी नाही. २०२३च्या नोव्हेंबरात रांग टाळण्यासाठी एका जपानी कंपनीनं लिलावात जवळपास ४० लाख डॉलर मोजले. पण तो लिलाव दोन जहाजांमधला होता. ज्यांच्या प्यायच्या पाण्यातून हौद भरतो त्यांना त्यात बोली लावायची सोय नाही. आता कालव्याचं पाणी पुरत नाही म्हणून रिओ इंदिओ नदीवर नवं धरण घालायचं ठरतं आहे, त्यात सुमारे २,००० माणसांना उठावं लागेल. तिथले शेतकरी विरोधात उभे राहिले आहेत. मुळशीच्या १९२१मध्ये आणि त्यांच्या आजमध्ये मला एवढाच फरक दिसतो की त्यांची गावं अजून बुडायची आहेत. तिथलं वाक्य अजून भविष्यकाळात आहे. भाषांतरात काळ बदलणं ही चूक असते, पण इथे कोणीतरी कर्ता तरी लिहून ठेवावा. कोण बुडवणार आहे, कोणासाठी.

मी त्या सफरीला गेले नसते तर? तळ्यातलं पाणी तेवढंच खाली गेलं असतं, जहाज भरलेलंच होतं. हा युक्तिवाद खरा आहे. आजोबांनी पैसे नाकारले असते तरी धरण झालंच असतं, हाही खरा. दोन्ही मी मनात बरेचदा तपासले आहेत आणि दरवेळी हिशेब जुळतो. जुळतो म्हणूनच शंका येते.

त्याच पावसाळ्यात पुण्याला गेले तेव्हा आई म्हणाली, “मला मुळशी दाखव.” पंचाहत्तर वर्षं पुण्यात काढलेली बाई, चाळीस-पन्नास किलोमीटरवरचं धरण तिनं पाहिलं नव्हतं. आम्ही गाडी केली. धरणाच्या काठानं आता बंगले आहेत, तळं दिसणाऱ्या खोल्यांचे वेगळे दर आहेत, शनिवार-रविवारी रस्ता तुंबतो. आम्ही मंगळवारी गेलो होतो. पाऊस बारीक होता. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली चहाची गाडी होती, तिथे थांबलो. आईनं गाडीवाल्याला विचारलं, “कुठलं गाव तुमचं?”

“पाण्यातलं,” तो म्हणाला, आणि मग नाव सांगितलं.

ते नाव खतावणीत आहे. मला वाटलं आई गप्प बसेल. ती म्हणाली, “आमच्या आजोबांची जमीन होती तिथे.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता, पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, “मग तुम्हाला पैसे मिळाले असतील त्या वेळी.”

“हो,” आई म्हणाली. “मिळाले.”

त्यानं मान हलवली, गाळणीतला चोथा झटकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आधण ठेवलं.