पाचांतली एक: कमिला काबेयोचा पहिला एकल अल्बम

‘कमिला’ हा गायिका कमिला काबेयोचा पहिला एकल अल्बम 12 जानेवारी 2018 रोजी प्रसिद्ध झाला. ‘फिफ्थ हार्मनी’ हा अमेरिकन गर्ल ग्रुप सोडून तेव्हा तिला सुमारे तेरा महिने झाले होते. एका गाण्याची रेडिओसाठी केलेली आवृत्ती सोडली तर अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून चाळीस मिनिटेही भरत नाहीत. संगीत म्हणून तो फार मोठी झेप घेणारा नाही. गटातून बाहेर पडलेल्या आवाजाला स्वतःची ओळख कशी कमवावी लागते, हे मात्र त्यात इतके उघडपणे दिसते की पॉप संगीताच्या व्यवसायाचा अभ्यास करणाऱ्याने तो ऐकायलाच हवा.

फिफ्थ हार्मनी हा मैत्रिणींनी मिळून काढलेला गट नव्हता. 2012 मध्ये ‘द एक्स फॅक्टर’च्या अमेरिकन आवृत्तीत पाच मुली एकेकट्या गायला आल्या. एकटीने त्यांचा निभाव लागला नाही, तेव्हा परीक्षकांनी त्यांना एकत्र बांधले. गटाचे नावसुद्धा प्रेक्षकांच्या मतांवर ठरले. स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला, सायमन कॉवेलची ‘सायको’ आणि ‘एपिक’ या कंपन्यांशी करार झाला आणि 2016 मध्ये ‘वर्क फ्रॉम होम’ हे गाणे बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. अशा गटात पंगतीत जिलब्या वाढाव्यात तशा गाण्याच्या ओळी वाटल्या जातात. कोणाच्या वाट्याला सुरुवात येते, कोणाच्या वाट्याला वरची तान, आणि ध्रुवपदात पाचही आवाज एकमेकांत विरघळतात. चार ओळींत छाप पाडण्याची तालीम यातून पक्की होते. पण तीन-साडेतीन मिनिटे ऐकणाऱ्याला एकटीने धरून ठेवण्याची सवय लागत नाही.

या वाटेने काबेयोच्या आधीही अनेकजणी गेल्या होत्या. 1967 मध्ये ‘द सुप्रीम्स’च्या नावाआधी डायना रॉसचे नाव जोडून मोटाउन कंपनीने तिच्या प्रस्थानाची तयारी सुरू केली होती. 1970 च्या जानेवारीत तिने गट सोडला आणि त्याच वर्षी तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला. ‘स्पाइस गर्ल्स’मधून जेरी हॅलिवेल 1998 च्या मे महिन्यात, भर दौऱ्यात बाहेर पडली. वर्षभराने आलेल्या तिच्या ‘स्किझोफोनिक’ अल्बममध्ये गळ्यापेक्षा व्यक्तिमत्त्वाचाच जोर अधिक होता. बियॉन्सेने 2003 मध्ये पहिला एकल अल्बम काढला तो ‘डेस्टिनीज चाइल्ड’ न मोडता. पुढच्याच वर्षी गटाचा नवा अल्बमही आला. काबेयोला यांपैकी कोणाचीही सोय लाभली नाही. मागे कंपनीची तीन वर्षांची आखणी नव्हती आणि परतीचा दरवाजाही उघडा राहिला नाही.

18 डिसेंबर 2016 च्या रात्री उरलेल्या चौघींनी निवेदन काढले. काबेयोचा निर्णय तिच्या प्रतिनिधींमार्फत कळला, असे त्यात म्हटले होते. आपल्या मनातले आपण त्यांच्याशी आधीच बोललो होतो, असे तिने उत्तर दिले. पुढच्या ऑगस्टमध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात या चौघींच्या सादरीकरणाच्या सुरुवातीला मंचावर पाच आकृत्या उभ्या राहिल्या आणि गाणे सुरू होण्याआधी त्यांतली एक मागे फेकली गेली. टोमणा कोणाला आहे, हे सांगावे लागले नाही.

काबेयोच्या अल्बमचा पहिला आराखडा याच जखमेभोवती रचलेला होता. दुखणे, बरे होणे आणि प्रेम करणे अशा तीन टप्प्यांचे लांबलचक नाव त्याला ठरले होते. मे 2017 मध्ये आलेल्या ‘क्राइंग इन द क्लब’च्या गीतकारांत सिया होती आणि त्यात क्रिस्टिना अगिलेराच्या जुन्या गाण्याची छटाही मिसळली होती. त्या हंगामात चालणारा सगळा मसाला गाण्यात होता, पण ते हॉट 100 मध्ये 47 व्या क्रमांकापुढे गेले नाही. ते कोणाही गायिकेला देता आले असते, हाच त्याचा दोष. पुढे हे गाणे अल्बममधून गाळले गेले, नाव बदलले आणि मुखपृष्ठावर फक्त ‘कमिला’ उरले.

हा बदल घडवला ‘हवाना’ने. 3 ऑगस्ट 2017 रोजी ‘ओएमजी’ या दुसऱ्या गाण्याबरोबर ते जवळजवळ चाचपणी म्हणून सोडले गेले. श्रोत्यांनी ते उचलून धरल्यावरच कंपनीने त्यावर भर दिला. सुरुवातीला फक्त पियानो आहे: क्यूबन नृत्यसंगीतातला वाटावा असा तुटक, घुटमळणारा तुकडा, जो गाणे संपेपर्यंत जवळपास तसाच फिरत राहतो. ठेका सावकाश आहे, वाद्ये मोजकी. काबेयोचा आवाज पातळ आणि किंचित अनुनासिक. गटात तो इतरांच्या भरदार आवाजांपुढे टोचरा वाटे. इथे भोवती मोकळी जागा आहे, म्हणून तोच आवाज लाडिक आणि खासगी होतो. ती जोर लावत नाही, शब्द ओठांवर ठेवून सोडून देते. मध्ये अटलांटाचा रॅपर यंग थग येतो आणि शेवटाकडे ट्रम्पेट वाजते. चार-पाच आवाजांचा थर चढवण्याची गटातली सवय इथे पूर्णपणे सोडलेली आहे.

हवाना हे तिचे जन्मगाव. आई क्यूबन, वडील मेक्सिकन. लहानपणीच ती आईबरोबर मायामीला आली, वडील नंतर आले. डेव्ह मायर्सने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत ती आजीबरोबर लॅटिन अमेरिकन मालिका बघणारी लाजाळू कार्ला आहे, आणि कार्ला हे तिचे खरे पहिले नाव. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या ‘ड्रीमर्स’ना हा व्हिडिओ अर्पण केलेला आहे. त्यांना संरक्षण देणारी योजना गुंडाळण्याची घोषणा ट्रम्प सरकारने 2017 च्या सप्टेंबरात, म्हणजे व्हिडिओच्या थोडेच आधी, केली होती. त्याच वर्षी ‘देस्पासितो’ सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, त्यामुळे लॅटिन वळणाला बाजारही होता. आत्मचरित्र आणि बाजार एकाच वेळी जुळून आले, असे म्हणणे दोघांनाही न्याय देणारे ठरेल.

अल्बममधली बाकीची गाणी या उंचीची नाहीत. ‘नेव्हर बी द सेम’मध्ये तिचा वरच्या पट्टीतला चिरका स्वर मुद्दाम पुढे आणला आहे आणि तो लक्षात राहतो. ‘कॉन्सिक्वेन्सेस’ पियानोवरचे साधे, सच्चे गाणे आहे. ‘रिअल फ्रेंड्स’मध्ये जुन्या कडवटपणाचा माग लागतो, पण नाव कोणाचे घेतलेले नाही. उत्तरार्धातली दोनतीन गाणी नुसती भर आहे. निर्माता फ्रँक ड्यूक्सने पसारा आटोक्यात ठेवला, म्हणून लहान अल्बम एकजिनसी वाटतो.

अल्बम बिलबोर्ड 200 यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि त्याच आठवड्यात ‘हवाना’ही हॉट 100 च्या शिखरावर पोहोचले, त्या गाण्याला तिथवर चढायला पाच महिन्यांहून अधिक लागले होते. ग्रॅमीसाठी दोन नामांकने मिळाली, पुरस्कार मिळाला नाही.

भारतात याच्याशी जुळणारा प्रयोग 2002 मध्ये झाला. चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’मधून ‘विवा’ हा गट निवडला गेला आणि काही वर्षांतच विखुरला. त्यातल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा यांचे आवाज पुढे देशभर पोहोचले ते मुख्यतः हिंदी चित्रपटांतून. आपल्याकडे गटातून सुटलेल्या गायिकेला नायिकेचा आवाज व्हावे लागते. स्वतःच्या नावाचा अल्बम विकत घेणारा बाजार चित्रपटाने फारसा शिल्लक ठेवलेला नाही.

चौघींच्या फिफ्थ हार्मनीने 2017 च्या ऑगस्टमध्ये एक अल्बम काढला आणि मार्च 2018 मध्ये बेमुदत विश्रांती जाहीर केली. त्यांच्यातली नॉर्मानी उत्तम नर्तिका. तिच्याकडूनही मोठ्या अपेक्षा होत्या. तिचा पहिला एकल अल्बम ‘डोपामिन’ बाजारात यायला जून 2024 उजाडला.