परीक्षेपुरतं पथ्य

बसा सगळे. मोबाईल खाली. पन्नाशी उलटली तरी मागच्या बाकावर कुजबुजायची खोड गेलेली दिसत नाही तुमची. मेळाव्याला बोलावलंत, शाल घातलीत, आभार. मघाशी चहाच्या वेळी निम्म्या तुकडीच्या खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या आणि गोळी गिळल्या-गिळल्या त्याच हाताने जिलेबी उचलली गेली. बाईंना दिसत नाही असं वाटलं? तुमच्या बाहीतल्या चिठ्ठ्या दिसायच्या मला, जिलेबी दिसणार नाही?

अज्ञानाची सबब सांगू नका. शास्त्र मीच शिकवलंय तुम्हाला. तुम्हाला सगळं माहीत असतं, फक्त करायचं नसतं. रक्त तपासायच्या आधी तीन दिवस भात बंद, गोड बंद, पहाटे उठून कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या. उपाशीपोटी साखर ११० आली की रिपोर्टचा फोटो ग्रुपवर. मग दुपारी श्रीखंड. दहावीला आदल्या रात्री घोकंपट्टी करायचात, तोच हा प्रकार. पण एचबीएवनसी नावाची तपासणी आदल्या रात्रीवर फसत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचं सगळं खाणंपिणं तिथे नोंदलेलं असतं. म्हणूनच तुमच्यातले काहीजण ती तपासणी टाळतात. ‘उगाच खर्च’ म्हणे!

एचबीएवनसीचा आकडा ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. काठावर आलेला तर पेढे वाटायचाच बाकी असतो, ‘बाई, मला अजून नाहीये!’ अरे, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी अशाच काठावरच्या माणसांवर अभ्यास केला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी काहीच बदललं नाही, त्यांच्यातले १०० पैकी ५५ जण तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांनी खाणं आवरलं आणि चालणं वाढवलं, त्यांच्यात हा आकडा ३९ वर आला. औषधाशिवाय. त्या सोळांमध्ये बसायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे. काठावरची मंडळी आज सगळ्यात नशीबवान आहेत आणि सगळ्यात बेफिकीरही तीच.

‘मी तर काटकुळा, मला कशी होईल शुगर?’ कोण म्हणालं ते? उभा राहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो बीएमआय, तो दोघांचाही २२.३. एका अंशाचाही फरक नाही. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो, पण आतून चरबीवाले असतो, आणि ही चरबी पोटात जाऊन बसते. तेव्हा वजनकाट्यावर खूष होण्याआधी कमरेला टेप लावा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली असेल, तर काटकुळेपणाचं प्रमाणपत्र मला दाखवू नका.

आता मिसळ. नाशिककरांना मिसळ सोडा म्हणण्याइतकी मी खुळी नाही. मटकीचा तर काहीच दोष नाही, ती बिचारी गुणी आहे. पण चार किलोमीटर चालून ‘कमावलं’ म्हणत तर्री, फरसाण, चौथा पाव आणि वर जिलेबी, याला व्यायाम म्हणतात का? गूळ साखरच, सेंद्रिय असला तरी. द्राक्षं दहा-बारा खाता, ठीक. त्यांचा रस करून पेलाभर पिता, ते नाही चालणार. कारल्याचा रस पिऊन गोळी बंद करणाऱ्याशी मी बोलतसुद्धा नाही.

आणि उपास! साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाटा, एकाच ताटात पिठूळ पदार्थांची जत्रा. काहीजण उलट टोकाचे, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन निर्जळी एकादशी करतात. मग साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. आणि उपास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, शेजारणीला नाही.

खरा राग मला पायांबद्दल आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तुमच्यातले कितीतरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या फेरीला जातात, अनवाणी. वर्षानुवर्षं साखर चढती राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो. काटा मोडला तरी कळत नाही. ‘बाई, मला काहीच दुखलं नाही,’ असं कौतुकाने सांगतात. अरे, न दुखणं हेच तर दुखणं आहे! जखम चिघळते, आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. फेरीला खुशाल जा, पण मऊ, बंद बूट घालून. रोज रात्री तळवे आरशात पाहा. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. त्र्यंबकराजा बुटांवरून रागावत नाही.

येत्या आठवड्यात प्रत्येकाने एचबीएवनसी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यायची. पडदा बिघडताना दुखत नाही. दिसेनासं होतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमची मुलं तिशीला आली असतील, त्यांनाही सोबत न्या. तिशीपुढच्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आणि जाण्याआधीचे तीन दिवस रोज जेवता तसंच जेवा.