सोयीचं तेवढंच वाचलंस

बस समोर. मोबाइल उलटा ठेव. आज तुझं ऐकायला बोलावलेलं नाही, सुनावायला बोलावलंय.

गांजा ओढतोस हे कळलं म्हणून मी चिडलेलो नाही. चिडलोय ते तुझ्या परवाच्या उत्तरावर. "सर, गांज्याचं व्यसन लागत नाही. रिसर्च आहे." फार्मसीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलानं हे बोलावं? फार्माकॉलॉजीत वर्गात पहिला आलेल्या मुलानं? दुसरा कुणी असता तर समजावून सांगितलं असतं. तुला काय समजावू? तुला सगळं येतंय. येतंय आणि झाकून ठेवतोयस.

कुठला रिसर्च? तो १८९४चा हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल, जो तू मित्रांना पाठवत असतोस? माफक सेवनानं फारसा अपाय होत नाही, असं त्या आयोगानं म्हटलंय, बरोबर. अतिसेवनाबद्दल काय म्हटलंय? शरीर खचतं, मनाची अस्थिरता वाढते, हेही त्याच अहवालात आहे. तू रोज ओढतोस, सकाळी एकदा, रात्री एकदा. यातलं कुठलं वाक्य तुला लागू पडतं, तूच सांग.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात मोठी पाहणी झाली. आयुष्यात कधीतरी गांजा घेतलेल्यांपैकी साधारण ९ टक्के लोक त्यावर अवलंबून राहू लागलेले आढळले. लगेच म्हणशील, म्हणजे ९१ टक्के सुटले की! पण छेदात कोण कोण आहेत ते पाहिलंस का? लग्नाच्या वरातीत एक झुरका मारून विसरून गेलेलेही त्यात आहेत. किशोरवयात सुरुवात केलेले वेगळे काढले की प्रमाण सहात एक होतं. रोज ओढणाऱ्यांचं त्याहून वाईट. तू अकरावीत सुरू केलंस. मग कुठल्या गटात बसतोस? ही आकडेमोड मी करून द्यायची?

कॅनडात कायदेशीर झालं, हे ऐकवू नकोस. दारूही कायदेशीर आहे. अमेरिकेनं २०१८ साली त्यातून औषध मंजूर केलं, हेही ऐकवू नकोस. ते कॅनाबिडायॉल आहे, नशा न आणणारं, लहान मुलांच्या फिट्सच्या गंभीर आजारांवर मोजून दिलेलं. तुझ्या पुडीवर डोस लिहिलेला असतो का?

आता तुझं आवडतं कारण. "ओढला नाही तर झोप लागत नाही." हे सांगताना तू जणू औषधच घेतोस असा आव आणतोस. अरे, झोप न लागणं हेच तर सोडल्यावरचं लक्षण! चिडचिड, अस्वस्थपणा, भूक मरणं, घाम, भलतीच जिवंत स्वप्नं, एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात कळस गाठतात, बहुतेकांची दोनेक आठवड्यांत ओसरतात. झोप रेंगाळते, तिला जास्त दिवस लागतात. २०१३ साली मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात, म्हणजे डीएसएम-५मध्ये, या लक्षणांना अधिकृत स्थान मिळालं. तू काय करतोस? थांबलास की तिसऱ्या रात्री तळमळतोस, पुडी उघडतोस, झोपतोस आणि सकाळी म्हणतोस, "बघा, मला याची गरजच आहे." जिनं झोप उडवली तिलाच झोपेचं श्रेय देतोस. दुसऱ्या कुठल्याही औषधाबाबत परीक्षेत असं लिहिलं असतंस, तर मी शून्य दिलं असतं.

आणि "कधीही सोडू शकतो" म्हणतोस ना? मग सोडला का नाहीस? गणपतीत घरी गेलास तेव्हा किती दिवस राहिलास आणि कशासाठी घाईनं परत आलास, हे तुझं तुला ठाऊक आहे.

डोकं चालत नाही अशी तक्रारही तूच करतोस. केटी लागली की पेपर अवघड होता, जर्नल राहिलं की वेळ नव्हता. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांचा २०१८चा अभ्यास वाच. १६ ते २५ वयाची ८८ मुलं, सगळी नियमित ओढणारी. काहींना महिनाभर थांबायला सांगितलं, लघवी तपासली, थांबल्याचे पैसे दिले. बाकीच्यांना ओढू दिलं. थांबलेल्यांची नवीन गोष्टी शिकून लक्षात ठेवण्याची ताकद सुधारली, तीही बरीचशी पहिल्याच आठवड्यात. अवधानात मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगतो. मी तुझ्यासारखं निवडून सांगत नाही. मेंदूच्या स्कॅनमध्येही तेच दिसलंय: गांजा ज्यांच्यावर काम करतो ते, रोज ओढणाऱ्यांत कमी झालेले सीबी-वन रिसेप्टर साधारण चार आठवड्यांच्या विरतीत परत वाढतात. म्हणजे वाट बंद झालेली नाही. मग उभा का आहेस?

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनचा २०१२चा अभ्यास भीती घालण्यासाठी वापरणार नाही. किशोरवयापासून सतत ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक आठेक गुणांनी घसरलेला त्यात दिसला, पण पुढे जुळ्यांच्या अभ्यासात ओढणारा आणि न ओढणारा भाऊ यांच्यात तसा फरक आढळला नाही. वाद आहे. हा जुळ्यांचा अभ्यास तुला तोंडपाठ आहे, मला माहीत आहे. मग स्वीडनचा कसा नजरेतून सुटला? ४५ हजारांवर सैनिकभरतीतली मुलं, पंधरा वर्षं पाठपुरावा, १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट. युरोपातल्या २०१९च्या अभ्यासात रोज कडक माल ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता जवळजवळ पाचपट. कारण कोण आणि परिणाम कोण, यावर अजून वाद घालता येतो. घाल. पण तुझ्या सख्ख्या मामांवर गेली कित्येक वर्षं स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. घरात हा आजार असलेल्यानं दहा हात लांब राहायचं, हे तू प्रेझेंटेशनमध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलंस. आईनं भावासाठी काय सोसलं ते पाहिलंस. तिला तेच पुन्हा दाखवायचं आहे?

"औषध निघालं की घेईन." हाही बहाणाच. गांजा सोडवण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएनं आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. प्रयत्न पुष्कळ झाले. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर देतो तेच, २०१२ साली ११६ किशोर-तरुणांवर वापरलं आणि आशा दिसली. मग ३०२ प्रौढांवर मोठी चाचणी झाली, २०१७ साली निकाल आला, प्लासिबोइतकाच. ऑस्ट्रेलियात १२८ जणांना बारा आठवडे नॅबिक्सिमॉल्सचा, म्हणजे गांज्याच्याच अर्काचा, फवारा देऊन पाहिला. ८४ दिवसांत ओढण्याचे दिवस प्लासिबोच्या गटात सरासरी ५३, या गटात ३५. कमी झाले, संपले नाहीत. आणि दोन्ही गटांना समुपदेशन चालूच होतं. ते कुणी गाळलं नाही, कारण आज ज्याला भक्कम पुरावा आहे तो त्यालाच: विचार आणि सवयी तपासणारी सीबीटी, स्वतःची इच्छा जागी करणारी मुलाखत, आणि स्वच्छ तपासणीला बक्षीस. अमेरिकेत ४५० प्रौढांवर झालेल्या चाचणीत, २००४ साली, समुपदेशनाची नऊ सत्रं घेतलेल्यांची प्रगती दोनच सत्रं घेतलेल्यांपेक्षा जास्त झाली आणि दोन सत्रं घेतलेल्यांचीही उपचाराची नुसती वाट पाहत राहिलेल्यांपेक्षा. सगळे सुटले नाहीत, बरेच पुन्हा घसरले. पण जे गेलेच नाहीत ते कुठे होते? जिथे तू बसलायस तिथे. गोळीची वाट पाहत.

पोलिसांची भीती वाटते म्हणून दवाखान्यात जात नाहीस? कायदा वाचला नाहीस, हे आणखी एक. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ बघ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो आणि पूर्ण करतो, तर त्याच्यावर खटला चालत नाही. काही ठरावीक अपवाद सोडले तर डॉक्टरला तुझी माहिती कुणालाही सांगता येत नाही, हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात गांजा-भांग-चरसच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक आहेत. तू एकटा बदनाम होशील असं वाटतंय ते सोड.

मार्कशीटसाठी हे बोलत नाही. मार्क पुन्हा मिळतील. उद्या हजारो रोग्यांना कुठलं औषध कशाबरोबर द्यायचं हे तू सांगणार आहेस, आणि स्वतःच्या बाबतीत तू दुकानदाराच्या सांगण्यावर चालतोस. हे मला पाहवत नाही.

सोमवारी साडेचारला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचं. मी दाराशी थांबेन. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जायचं असेल तर तिथे घेऊन जाईन. आधी फोनवरच बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, आणि मन जड झालं तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. मामांचा आजार डॉक्टरांना सुरुवातीलाच सांग, लपवू नकोस. आणि रविवारी रात्री झोप लागली नाही तर पुडीला हात न लावता मला फोन कर. कितीही वाजलेले असू देत, मी उचलेन.